सूचीचं वजन कशात असतं?

कोरेगावच्या एका वाचकानं विचारलं आहे : तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याच्या शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची सूची मी इंटरनेटवर टाकतोय. ज्याची नोंद घेईन, त्यानं आपल्या पानावर माझी लिंक द्यायची. अशा देवाणघेवाणीला गुगल शिक्षा करेल का?

देवाणघेवाणीला मुळात बंदी नाही. केवळ क्रमवारीत वर चढण्यासाठी घाऊक प्रमाणात केली, तरच गुगल तिला लबाडी मानतं. कारण गणितात आहे, आणि ते गणित फार देखणं आहे.

गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८च्या सुमारास पानांची क्रमवारी लावणारी ‘पेजरँक’ पद्धत मांडताना लिंकला मत मानलं. वजनदार पानाचं मत भारी, पण ते त्या पानावरच्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं. दोन पानं फक्त एकमेकांकडेच बोट दाखवू लागली, तर बाहेरून आलेलं वजन आत अडकून फुगत जातं. ही अडचण त्यांना तेव्हाच दिसली होती. म्हणून लिंकांवरून भटकणारा त्यांचा काल्पनिक वाचक साधारण १५ टक्के वेळा वाट सोडून भलत्याच पानावर उडी मारतो. फुगवटा आवरतो, पण पुरता जात नाही. परतीच्या आहेरावरून व्यवहार कळतो, घराची पत कळत नाही, तसंच हे. पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलनं ‘पेंग्विन’ आणून जुळवलेल्या लिंकांवर घाव घातला.

सूची करणाऱ्यांचा खरा कैवारी मात्र संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग. पेजरँकच्या गाजावाजात त्याचं नाव मागे पडतं, याची मला खंत वाटते. त्यानंही त्याच सुमारास दाखवलं : चांगली सूची ती, जी चांगल्या पानांकडे नेते, चांगलं पान ते, ज्याकडे चांगल्या सूची नेतात. ऐकताना गोल गोल फिरल्यासारखं वाटतं, पण आकडेमोड पुन्हापुन्हा केली की उत्तर स्थिरावतं! म्हणजे सूचीची किंमत इथे तिच्याकडे येणाऱ्या लिंकांवर नव्हे, तिनं केलेल्या निवडीवर ठरते. ब्लॉगच्या बहरात ‘मराठी ब्लॉग विश्व’ या ब्लॉगसूचीवरून वाचक अनोळखी लेखकांपर्यंत पोचत, ते अशा वाट दाखवण्यामुळेच.

तेव्हा परतीच्या लिंकची अट काढून टाका. कुणी आपणहून दिली तर घ्या. पैसे घेऊन केलेल्या नोंदीच्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावा. बंद पडलेल्या लिंक काढत राहा. प्रत्येक नोंदीत गाव, वाण आणि विक्रीचा हंगाम लिहा. आणि वाघ्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा बाहेरचा घेवडा त्याच नावानं विकणाऱ्याची नोंद घेऊ नका, मग त्यानं कितीही लिंक देऊ केल्या तरी.