हत्ती सावकाश दिसतो, पण तसा नसतो



बैलाच्या पाठीवरची माशी हाताने मारून पाहा. बहुधा हात रिकामाच येतो. दिवा सेकंदाला सुमारे ६० वेळा लुकलुकला की आपल्याला तो सलग पेटलेला दिसतो; घरमाशीला मात्र सुमारे २५० वेळांपर्यंतची उघडझाप वेगळी कळते. आपला झपकन येणारा हात तिला सावकाश येताना दिसत असावा.

मोठ्या जनावराकडे पाहताना उलट आपलाच डोळा फसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला. हत्ती धानाच्या बांधीत उतरले की माणसे बघायला धावतात. हत्ती पाय हळू उचलतो खरा, पण एकेक ढांग केवढी लांब पडते! थायलंडात हत्तींचा वेग मोजला, तो ताशी २५ किलोमीटरपर्यंत भरला. एवढे आपल्याला डांबरी सडकेवरही फार वेळ पळवत नाही, मग चिखलात नि धुऱ्यावरून काय पळणार? "डोलत येतोय, तेवढ्यात निघून जाऊ" हा हिशेब जिवावर बेततो.

कळप दिसला तर मोबाईल काढत थांबू नका, टेंभे-दगड घेऊन मागे लागू नका. लांबूनच, आल्या वाटेने परत फिरा आणि वनरक्षकाला कळवा.