झोका आणि चांद्रयान

बालमित्रांनो, आपले चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि २३ ऑगस्टला सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रावर उतरले. म्हणजे ४० दिवस लागले. अमेरिकेचे अपोलो-११ तर १९६९ साली १६ जुलैला निघून २० जुलैला चंद्रावर उतरले होते. आमचे आबाजी म्हणतात, "मंग आपलं यान येवढे दिवस कुठी फिरून राह्यलं होतं?" या प्रश्नाचे उत्तर मला एका खेळातून समजले. ते मी तुम्हाला सांगतो.

माझा मामेभाऊ अकोल्याला शिकतो. त्याच्या मोबाइलवर स्पेसफ्लाइट सिम्युलेटर नावाचा खेळ आहे. दिवाळीच्या सुटीत मी तो शिकलो. त्यात रॉकेट आपणच जोडायचे, उडवायचे आणि पृथ्वीभोवती फिरवायचे. यान कोणत्या वाटेने जाणार ती रेघ पडद्यावर दिसते. इंधन किती उरले तेही दिसते. इंधन थोडेच असते, म्हणून ते जपून वापरावे लागते.

पहिली गोष्ट अशी की रॉकेट नुसते सरळ वर नेऊन भागत नाही. वर फेकलेला दगड खाली येतो तसे तेही खाली येते. म्हणून थोडे वर गेले की त्याला आडवे करायचे. दगड आडवा फेकला तर दूर पडतो. जोरात फेकला तर आणखी दूर पडतो. यानाला सेकंदाला सुमारे ८ कि.मी. वेग आला की ते पडत तर राहते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे खालची जमीनही वळत जाते. म्हणून यान जमिनीला लागतच नाही. मग इंजिन बंद केले तरी ते फिरत राहते. ज्वारीतली पाखरे हाकलायची गोफण तुम्ही पाहिली आहे ना? तिच्यातला दगड दोरीमुळे गोल फिरतो. यानाला पृथ्वीची ओढ हीच दोरी. अमरावतीहून अकोल्याला एस.टी.ने दोन तास तरी लागतात. यानाच्या वेगाने आपण १२-१३ सेकंदांत पोचू!

दुसरी गोष्ट फार गमतीची आहे. यानाची वाट मोठी करायची असेल तर त्याचे तोंड वर करायचे नाही. यान ज्या दिशेने पळत आहे त्याच दिशेने त्याला रेटा द्यायचा. जिथे रेटा दिला तिथली रेघ हलत नाही, पण पृथ्वीच्या पलीकडची रेघ फुगत जाते. वाट अंड्यासारखी लांबट होते. तिच्या जवळच्या टोकाला उपभू आणि दूरच्या टोकाला अपभू म्हणतात. उपभूपाशी यान सगळ्यात जोरात पळते. तिथे थोडे इंधन जाळले तरी अपभू खूप दूर जाते.

हे नागपंचमीच्या झोक्यासारखे आहे. झोका खालून जोरात जातो तेव्हा रेटा दिला की तो समोर उंच चढतो. रेटा खाली द्यायचा, उंची पुढे मिळते. एका रेट्यात झोका उंच न्यायला पहिलवान पाहिजे. पण दहा रेटे दिले तर लहान पोरगीही नेते.

अपोलोचे रॉकेट पहिलवान होते, ११० मीटर उंच. आपले एलव्हीएम-३ साडेत्रेचाळीस मीटरचे. त्याने यानाला अशा लांबट वाटेवर सोडले की उपभू सुमारे १७० कि.मी. आणि अपभू सुमारे ३६,५०० कि.मी. मग यानाने स्वतःच पाच वेळा वाट वाढवली. २५ जुलैला अपभू १ लाख २७ हजार कि.मी.च्या वर गेले. १ ऑगस्टला आणखी एक रेटा देऊन ते चंद्राच्या वाटेला लागले. ५ ऑगस्टला चंद्राजवळ इंजिन उलट्या बाजूने चालवून वेग कमी केला. हा ब्रेक लागला नसता तर यान चंद्राजवळून निघून गेले असते. पुढे तसेच हळूहळू वाट लहान करून ते उतरले.

हे ऐकून आबाजी म्हणाले, "समजलं बापा. पण आपल्या वावराले याचा काय फायदा?"

फायदा आहे. आमची शेती कोरडवाहू आहे. पेरल्यावर पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी येते आणि बियाणे पुन्हा विकत आणावे लागते. ढगांचे फोटो काढणारा इन्सॅट-३डीएस हा उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ ला असाच लांबट वाटेवर सोडला. मग अपभूपाशी रेटे देऊन त्याची वाट गोल केली. सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर त्याची एक फेरी पृथ्वीच्या एका फेरीबरोबरच पुरी होते. म्हणून तो आपल्या डोक्यावरून हलत नाही आणि रात्रंदिवस आपलेच ढग पाहतो. त्यावरून हवामान खात्याला पावसाचा अंदाज करता येतो. आता बाबा पेरणीच्या आधी ते फोटो पाहतात आणि आबाजीही चष्मा लावून पाहतात.

मित्रांनो, तुम्हीही झोक्यावर करून पाहा. आधी खाली रेटा द्या, मग झोका वर थांबतो तिथे द्या. जास्त उंच कधी गेला ते पाटीवर लिहा.

– इयत्ता ४ थी