जुन्या चुलींत नवी शेगडी

मृगाच्या सरी लागल्या कीं लांज्याकडील खेड्यांत पहिली धांदल उडते ती सरपणाची. उन्हाळ्यांत फोडलेलीं लांकडें पडवींत रचलीं जातात, झावळ्या आडोशाला ओढल्या जातात. तरीहि श्रावण उजाडेपर्यंत त्यांत ओल शिरतेच. मग फुंकणीनें फुंकून फुंकून बायकांचे डोळे लाल होतात आणि धूर माजघरापर्यंत कोंदतो. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस पुष्कळ घरीं पोंचला. परंतु न्हाणीचें पाणी, भाकरी आणि मोठ्या टोपांतला भात यांसाठीं अनेक घरीं चूल अजून पेटतेच. ती राहणारच असेल, तर जुना ओटा न मोडतां त्याच खळग्यांत बसेल अशी कमी धुराची शेगडी कशी निवडावी, हें पाहणें अगत्याचें आहे.

युरोप-अमेरिकेच्या थंड मुलुखांत हाच प्रश्न दिवाणखान्यांतील शेकोटीबाबत उभा राहिला. तेथें भिंतींतील जुन्या शेकोटीच्या पोकळींत लोखंडी पेटी बसवितात आणि तींत भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या जाळतात. यांना पेलेट म्हणतात. भुशावर मोठा दाब पडला कीं तो तापतो, लांकडांतील लिग्निन मऊ होतें आणि निवतांना तेंच कणांना चिकटवून धरतें. अशा कांडींत पाण्याचा अंश शेंकडा 10 च्या आंत असतो. ताज्या तोडलेल्या लांकडांत मात्र निम्में वजन पाण्याचें असूं शकतें. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारें 540 किलोकॅलरी उष्णता खर्च होते, आणि ती भाताला न मिळतां धुराबरोबर निघून जाते. कांडी स्वच्छ जळते यांतील मुख्य मर्म हेंच.

महाराष्ट्रांतहि हा प्रयोग झाला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर आधारलेली ‘ऊर्जा’ नांवाची शेगडी बी. पी. या कंपनीनें 2006 सालीं बाजारांत आणली. खालीं लहानसा पंखा आणि वर कांड्या, अशी तिची रचना होती. महाराष्ट्र व कर्नाटकांत ती लाखांनीं खपली. पुढें कांड्यांचा भाव चढला आणि घरगुती गिऱ्हाईक मागें सरलें. शेगडी चांगली होती. जळण आवाक्यांत राहिलें नाहीं.

म्हणून पहिला नियम असा कीं, आधीं जळण पाहावें, मग शेगडी. कांड्या बारमाही मिळतील काय, आणि पावसाळ्याचे चार महिने कोरड्या राहतील काय, याची खातरजमा करावी. पाणी लागलें कीं कांडी फुगून तिचा पुन्हां भुसा होतो. म्हणून ती घट्ट झांकणाच्या पिंपांतच ठेवावी लागते. हें साधण्याजोगें नसेल, तर वाळलेलें लांकूड आणि करवंट्या घेणारी जाळीची शेगडी बरी. काजूचीं टरफलें स्वस्त मिळतात म्हणून घरांत जाळूं नयेत. त्यांतील तेल दाहक असून त्याचा धूर डोळ्यांस व छातीस बाधतो.

दुसरा नियम मापाचा. खळग्याची रुंदी, खोली व उंची तोंडाशीं आणि मागें, अशी दोन ठिकाणीं मोजावी; हातानें लिंपलेली चूल क्वचितच काटकोनांत असते. त्यांतलें लहान माप तेंच खरें मानावें. शेगडी आणि जांभा दगड यांमध्यें बोटभर फट ठेवून ती राखेनें भरावी, म्हणजे उष्णता बाहेर पळत नाहीं. मात्र वारा घेणारें तोंड कधींहि बुजूं देऊं नये. घरांतील नेहमींचा टोप व तवा वर ठेवून पाहावा. भाकरीच्या तव्याला पसरट आंच हवी, आणि कांड्यांची ज्वाळा मध्यभागीं एकवटते. शिवाय कांहीं शेगड्यांत स्वयंपाक चालू असतां कांड्यांची भर घालतां येत नाहीं.

तिसरा नियम धुराचा. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल, हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांची 1953 सालीं पुस्तकरूपानें मांडलेली धूरविरहित चूल आणि 1983 ते 2002 पर्यंत चाललेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम, अशी ही परंपरा आहे. तिचा धडा असा कीं, धुराडें काजळीनें भरलें कीं चूल निकामी होते. म्हणून धुराडें कौलांच्या वर दोन फूट तरी न्यावें आणि नियमानें झाडावें. कांड्यांचा धूर दिसत नाहीं म्हणून दारें-खिडक्या लावून बसूं नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या बियाण्याला धुरामुळें कीड लागत नाहीं. धूर गेला कीं ही राखणहि जाते. तेव्हां बियाणें राखण्याची दुसरी सोय आधीं करावी.

भारतीय मानक 13152 च्या 2013 सालच्या आवृत्तीनें पंख्याविना चालणाऱ्या शेगडीनें शेंकडा 25 आणि पंख्याच्या शेगडीनें शेंकडा 35 उष्णता तरी भांड्यास पोंचवावी, असें ठरविलें. विकत घेतांना हा आंकडा अवश्य विचारावा. परंतु शेवटची परीक्षा घरांतच होते. आषाढांतल्या ओल्या पहाटे, वीज गेलेली असतां, घरांतील वडीलधाऱ्या बाईला जी शेगडी एकटीनें पेटवितां येते, तीच त्या घराची शेगडी.