सुटलेला दोडका, राखलेला दोडका

बियाणं घरचं : भाग ६

जाम चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद रस्त्याला चंद्रपूरचा फाटा फुटतो. तिथं रात्रंदिवस ट्रकांची घरघर असते. गावात आत वळलं की ती मागे पडते आणि घरांमागच्या सांदवाड्या दिसू लागतात. दिवाळी उलटली की सांदवाडीतले वेल उतरणीला लागतात. पानं पिवळी पडून खरखरतात, झडतात, आणि इतके दिवस पानांआड लपलेलं सगळं उघडं पडतं. मांडवाच्या पार कोपऱ्यात दोन-तीन दोडके वाळून तपकिरी झालेले सापडतात. हलवले की आत बी खुळखुळतं. ‘चाला, बेन्याची सोय झाली’ म्हणत घरची बाई ते उतरवते आणि आढ्याला टांगून ठेवते.

या भागात बोलायचंय ते त्या दोडक्यांविषयी. ते कुणी राखलेले नव्हते. भाजी तोडताना नजरेतून सुटले, म्हणून जून झाले आणि जून झाले म्हणून बियाणं झाले. वेलाला सर्वांत आधी लागलेले, कोवळे, सरळ, भरदार दोडके आपण केव्हाच खाऊन टाकलेले असतात. उरतो तो उशिरा लागलेला, आडबाजूचा, पानांत दडणारा. असं दहा वर्षं चाललं तर आपल्या घरचं वाण हळूहळू उशिरा फळणाऱ्या वेलांकडे झुकणार, हे उघड आहे. मग आपण म्हणतो, घरच्या बियाण्यात दम राहिला नाही. दम होता, तो आपण भाजीत घातला.

माझी आजी याबाबतीत कडक होती. तिच्या मांडवावर श्रावणातच एखाद्या दोडक्याच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली दिसायची. मी हात पुढे केला की मागून आवाज यायचा, ‘‘पोट्ट्या, त्याले हात नोको लावू. बेन्याचा हाय तो.’’ पाहुणे आले आणि भाजीला एक दोडका कमी पडला तरी चिंधीच्या दोडक्याला सुरी लागत नसे. पण वेलावरचं अगदी पहिलं फळही ती राखायची नाही. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. फळात बी पक्कं व्हायला लागलं की वेल आपली ताकद त्या बियांकडे वळवतो आणि नवी फळं धरणं कमी करतो. वेल अजून लहान असताना पहिलंच फळ राखलं तर घरची भाजी बुडते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यानंतर, वेल भरात असताना फळ राखायचं.

आणि फळाच्या आधी वेल निवडायचा. लोक टपोरं फळ पाहून चिंधी बांधतात, इथंच चूक होते. रोगट वेलावर एखादं फळ देखणं येतं, पण बी त्या वेलाचा गुण घेऊन जातं. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असलेला, आकसलेला वेल बियाण्यासाठी सोडूनच द्यावा. काही विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जातात. लवकर फुलणारा, सारखा फळणारा, चवीला खात्रीचा असे चार-पाच वेल हेरावेत आणि प्रत्येकावर एकेक फळ राखून त्यांचं बी एकत्र करावं. एकाच वेलाचं बी घेत राहिलं तर वाणातली विविधता आटत जाते. मूळ बियाणं पाकिटातलं असेल आणि पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं असेल, तर एवढी मेहनत घेऊ नये. त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी नाना तऱ्हेचे वेल निघतात.

मागच्या भागात वाल आणि बरबटी पाहिली. त्यांची फुलं बहुतेक स्वतःतच फळतात, त्यामुळे तिथं काम सोपं होतं. वेलभाज्यांत तसं नाही. यांचं नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं आणि मधे पाखरं. मादीफूल ओळखायला सोपं असतं, त्याच्या मागे बोटभर इवलंसं फळ आधीच लागलेलं असतं. पाखरू कुठल्या वेलावरून परागकण आणील याचा नेम नाही. मला ते चांगलंच भोवलं. आमच्या कुंपणावर कडू दोडकी आपोआप उगवलेली होती, मी ती उपटली नाही. त्या वर्षीचे दोडके नेहमीसारखेच गोड निघाले. परागाचा परिणाम चालू फळाच्या गरावर होत नाही, आतल्या बियांवर होतो. ते बी मी हौसेनं राखलं, दोन शेजाऱ्यांना वाटलंही. पुढच्या पावसाळ्यात तिन्ही घरच्या मांडवांवर कितीतरी वेल कडू निघाले. शेजारणीनं तोंडावर काही म्हटलं नाही, पण तिच्या चुलीवर चढलेली भाजी माझ्यामुळे उकिरड्यावर गेली होती. (कारल्याजवळ लावली म्हणून दुधी कडू झाली, असं मात्र होत नाही. त्यांचा संकरच होत नाही. पण दुधी किंवा दोडका कडू लागला तर तो घास थुंकावा, भाजी टाकावी आणि तो वेल बियाण्यातून काढावा. कडू दुधीचा रस पिणं जिवावर बेतू शकतं.)

तेव्हापासून मी राखायच्या फुलांना हातानं पराग देतो. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचंही दिवस कलल्यावर. कोहळं, काकडी, कारलं यांची फुलं सकाळची. कोहळ्यावर हे काम शिकावं, कारण फूल मोठं असतं. उद्या उमलणाऱ्या कळीच्या टोकाला आज संध्याकाळी पिवळेपणा चढतो. अशी एक मादीकळी आणि दुसऱ्या वेलावरच्या दोन नरकळ्या दोऱ्यानं हलकेच बांधून ठेवायच्या, म्हणजे पहाटे पाखरू आत शिरत नाही. सकाळी नरफूल देठासकट तोडायचं, पाकळ्या सोलायच्या. मधे पिवळ्या भुकटीनं माखलेली दांडी उरते. मादीफुलाचा दोरा सोडून ती दांडी आतल्या फुगीर भागावर सगळीकडून फिरवायची आणि फूल पुन्हा बांधून टाकायचं. देठाला चिंधी. चार-पाच दिवसांत मागचं फळ फुगू लागलं की जमलं. पिवळं पडून गळलं तर दुसरी कळी.

मग नुसती वाट पाहायची. खायच्या अवस्थेतल्या दोडक्यात, काकडीत बी असतं खरं, पण ते कच्चं. दोडका वेलावरच वाळू द्यावा, दीड-दोन महिने लागतात. तो पुरता वाळला की खालच्या टोकाचं टोपण आपोआप सुटतं आणि काळं बी खाली सांडतं, म्हणून टोपण सैल होताच उतरवावा. काकडी पिवळी-तपकिरी होऊ द्यावी, तिचं बी गरासकट एक-दोन दिवस भांड्यात आंबवावं म्हणजे भोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन, तरंगणारं पोचट बी टाकून, सावलीत वाळवावं. कोहळं उतरवल्यावर लगेच फोडू नये. तीनेक आठवडे घरात ठेवलं तर आतलं बी आणखी भरतं.

निवडीचा हा धडा जामपासून लांब शोधायला नको. समुद्रपूर तालुक्यातल्याच वायगावची हळद २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली. हळदीला बियांचा कारभार नाही, कंदच लावायचा. पाखरानं वाण बिघडवण्याची भीती नाही. तरीही हळद लावणारा कुठलाही कंद बेण्याला धरत नाही. काढणीच्या वेळीच जेठे गड्डे वेगळे काढतो, निरोगी, जड, न सडलेले. सावलीत ढीग घालून पाल्याखाली लागवडीपर्यंत जपतो. विकून उरलं ते बेणं, असा हिशेब त्याला परवडणारा नाही. वाण टिकलं आहे ते या शिस्तीवर. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तीही अशाच जपणुकीसाठी. राखलेलं बियाणं वापरण्याचा, वाटण्याचा आणि कंपनीचा छाप न लावता विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यानं दिलेला आहे. तो वापरायचा तर देण्याजोगं बियाणं घरात हवं.

बियाणं देण्याआधी उगवून पाहायचं, हे मी त्या कडू वर्षानंतर लावून घेतलेलं दुसरं वळण. वीस बिया मोजून रात्रभर पाण्यात भिजवायच्या. दोडक्या-कारल्याचं कवच टणक असतं, म्हणून बोथट बाजूची कड नेलकटरनं किंचित उडवावी. टोकदार बाजूला हात लावू नये, मूळ तिथूनच निघतं. ओल्या फडक्यात बिया एकमेकींना न चिकटवता मांडून गुंडाळी करावी. फडकं पिळल्यावर पाणी टपकू नये इतकंच ओलं; पाण्यात बुडालेलं बी गुदमरतं. यांना पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते आणि मार्गशीर्षात आपल्याकडची रात्र चांगलीच उतरते. म्हणून गुंडाळी चुलीच्या वैलाजवळ, फार तापणार नाही अशा बेतानं ठेवावी. चौथ्या दिवसापासून उघडून पाहावं, चौदाव्या दिवशी शेवटचं मोजावं. वेलभाज्यांच्या प्रमाणित बियाण्याला उगवण किमान ६० टक्के लागते. म्हणजे विसांतल्या बाराच्या खाली आलं, तर ते बी कुणाला देऊ नये. घरीच दाट टोबावं.

यंदा माझ्या मांडवावर पाच चिंध्या होत्या. चार दोडके उतरवून झाले. त्यांतल्या वीस बियांपैकी सतरांना पांढरं मूळ फुटलं, त्या कुल्हडात मातीत लावल्या आहेत. पाचव्या दोडक्याचं टोपण अजून घट्ट आहे. रोज सकाळी जाऊन बोटानं चाचपून येतो.