शेवंती इथली आणि तिथली

आमच्या मंठ्याच्या भजनी मंडळातल्या एका काकूंची लेक पॅरिसला असते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं. तिकीट निघालं, डिंकाचे लाडू झाले आणि काकू ऐनवेळी अडून बसल्या. "मला न्हाई जायचं बाई! त्या काट्या-चमच्यात माझं हसं व्हायचं. अन् गळ्यात तुळशीची माळ. खायचं तरी काय तिथं?"

पोर परमुलखात आणि आई काट्या-चमच्याला भिऊन घरी! मला राहवेना. लेकीला फोन लावून आम्ही दोघी वही घेऊन बसलो. त्या वहीतलं थोडं तुमच्यासाठीही, कारण आता गावोगावची मुलं परदेशी आहेत. आज काकूंवर आलेली वेळ उद्या आपल्यावरही येईल.

पहिला धडा 'बाँजूर'चा. बेकरी असो की हॉटेल, आत पाऊल टाकताच आधी बाँजूर, म्हणजे नमस्कार. मगच काय हवं ते सांगायचं. थेट मागणं तिथं उद्धटपणाचं वाटतं. आपल्या दारात कुणी 'काय चाललंय' न विचारता एकदम विळा मागितला, तर आपल्याला तरी आवडेल का?

हॉटेलात दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचं सातनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. 'कराफ दो' म्हटलं की जेवणासोबत नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं पाणी मागितलं तर विकतची बाटली येऊ शकते. सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, वर टीप द्यायची ती आपल्या खुशीनं.

कुणाच्या घरी जेवायला गेलं, तर यजमानीण सुरुवात करेपर्यंत थांबायचं. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. हात मांडीवर न ठेवता मनगटं टेबलाला टेकवायची. पाव मात्र टेबलावरच ठेवतात आणि हातानं तुकडा मोडून खातात. हे ऐकून काकूंची कळी खुलली. "म्हंजे भाकरीवानीच की!" आपल्यासारखा आग्रह तिथं नसतो. म्हणून भूक असेल तर संकोच न करता पहिल्यांदाच 'हो' म्हणावं.

जेवणं दोन-दोन तास चालतात. फ्रेंचांच्या या पंगतीच्या रिवाजाला २०१० साली आणि त्यांच्या लांबट 'बागेत' पावाच्या कलेला २०२२ साली युनेस्कोनं वारशाचा मान दिला.

आता माळकऱ्यांचा प्रश्न. कांद्याचं सूप दिसायला शाकाहारी, पण ते बहुधा गोमांसाच्या रसात शिजवतात. 'कीश' नावाच्या पदार्थात अंडं असतं. 'कोंते'सारखं चीज वासराच्या जठरातल्या रसानं विरजतात. म्हणून लेकीनं 'मांस, मासे, अंडं नको' अशी फ्रेंचमध्ये चिठ्ठी लिहून पाठवली. ती पर्समध्येच ठेवायची. घरच्या स्वयंपाकाची मात्र काळजी नाही. ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-कढीपत्ता सगळं मिळतं. तिथंच त्यांनी १९८५ साली गणपतीचं देऊळ उभारलं. गणेशोत्सवाच्या सुमारास रथ निघतो आणि पॅरिसच्या रस्त्यावर नारळ फुटतात. "गणपती हाय व्हय तिथं?" म्हणत काकूंनी बॅग पुढं ओढली.

शेवटची सूचना ऐकून मात्र आम्ही दोघी चाट पडलो. कुणाकडे जाताना शेवंतीची फुलं न्यायची नाहीत! १ नोव्हेंबरच्या सुमारास तिथले लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती वाहतात. आपल्या महालक्ष्म्यांची लाडकी शेवंती तिथं दुखवट्याची. फूल तेच, रीत निराळी. आपली रीत कुणी मोडली की आपण दुखावतो, तसंच त्यांचंही असणार.

काकू गेल्या. परवा फोन आला, नात झाली! शेजारची फ्रेंच बाई बाळ बघायला आली, तेव्हा काकूंनी हात जोडून बाँजूर म्हटलं आणि डिंकाचा लाडू पुढं केला. बाईनं तो कापायला सुरी घेतली. काकूंनी हसून तिचा हात धरला आणि लाडू हातानं कसा फोडायचा ते दाखवलं.