पहिली मोटार : पत आणि प्रतिमा

दसऱ्याच्या सकाळी मोटारींच्या शोरूमबाहेर जी गर्दी होते, तीत अलीकडे एक चेहरा हमखास दिसतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस, हाती सनदी लेखापालाची, डॉक्टरची किंवा संगणक अभियंत्याची पदवी, आणि मागे उभे असलेले, पेढीवर बसणारे वडील आणि काका. बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, णमोकार म्हटला जातो आणि गाडी पहिल्यांदा मंदिराकडे वळते. तोवर छायाचित्रे नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचलेलीही असतात. या आनंदात कोणी खोट काढू नये. मात्र त्याआधीचे तीन-चार महिने त्या घरात जी चर्चा चाललेली असते, तिच्यापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. कारण ती वरवर मोटारीची असली तरी आतून दुसऱ्याच गोष्टीची असते.

आजोबांच्या पिढीला ही चर्चा ठाऊकच नव्हती. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट, म्हणजेच नंतरची पद्मिनी, बाहेर पडू लागली. ती नाही तर अँबॅसडर, याहून फारशी निवड नव्हती, आणि तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. मोटार असणे हीच प्रतिष्ठा. कोणती, हा प्रश्न गौण. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि दुकानांत पर्याय दिसू लागले. तरीही वडिलांच्या पिढीने घरात माणसे किती आणि खर्च किती झेपेल, एवढेच पाहून गाडी घेतली. गाडीने आपल्याविषयी काही बोलावे, अशी अपेक्षा घेऊन शोरूममध्ये शिरणारी ही पहिलीच पिढी आहे.

ही अपेक्षा हास्यास्पद ठरवण्याचे कारण नाही. दिवाळीपूर्वी दुकानाची पाटी नव्याने रंगवणारा व्यापारी दुसरे काय करत असतो? पहिल्यांदा भेटणारा अशिलही, नको म्हटले तरी, दारात उभ्या गाडीकडे एकदा पाहतोच. विवाहाच्या बोलण्यांत तर ‘मुलगा कोणती गाडी वापरतो’ हे कोणी उघड विचारत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. तेव्हा प्रतिमेचा विचार करणाऱ्या मुलाला उधळ्या म्हणून गप्प बसवणे हे वडिलांच्या बाजूने सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही.

प्रश्न एवढाच, की ही प्रतिमा कोणाच्या डोळ्यांसाठी? बाजारपेठेत वाढलेल्या घरांना ‘पत’ हा शब्द नीट कळतो. पत दिसण्यावर फार थोडी आणि वेळेवर चुकवलेल्या देण्यावर फार मोठी उभी असते. आडतदाराकडे हिशेब तपासायला जाणारा तरुण लेखापाल आपल्या सर्वांत मोठ्या अशिलापेक्षा भारी गाडीतून उतरला, तर त्या अशिलाच्या मनात येणारा पहिला विचार कौतुकाचा असेलच असे नाही. तो फीचा असू शकतो. उलट खरचटलेला बंपर, आत साचलेली धूळ आणि मागच्या काचेशी पडलेली कागदपत्रे जे सांगतात, ते गाडीच्या किमतीशी निगडित नसते. सहा वर्षांची, पण स्वच्छ आणि वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली साधी गाडी कामाच्या माणसाची म्हणून सहज ओळखू येते.

खरे ओझे हप्त्याचे. बारा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,३०० रुपये येतो आणि मुदत संपेपर्यंत व्याजापोटी सव्वाचार लाखांच्या आसपास रक्कम जाते. तेच कर्ज पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता २४,९०० रुपयांवर जातो, पण व्याज तीन लाखांच्या आत राहते. शोरूममधला विक्रेता सात वर्षांचाच आकडा आधी सांगतो. त्याचा धंदा तो आहे. परंतु ही बेरीज इथे संपत नाही. दोन वर्षांनी हाच तरुण घरासाठी किंवा स्वतःच्या कार्यालयाच्या जागेसाठी बँकेत जातो, तेव्हा बँक त्याच्या उत्पन्नातून चालू हप्ते वजा करूनच नवे कर्ज ठरवते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता लाखामागे सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे १९,३०० रुपयांच्या त्या मोटारीच्या हप्त्यात जवळजवळ बावीस लाखांचे गृहकर्ज बसले असते. घर चढत्या किमतीचे असू शकते; गाडीची किंमत मात्र शोरूमचे फाटक ओलांडताच उतरू लागते. विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकातही चार वर्षे ओलांडलेल्या गाडीचे मूल्य मूळ किमतीच्या निम्मे धरलेले असते. स्वतःची प्रॅक्टिस सुरू करण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे डाउन पेमेंटमध्ये घालणाऱ्याने तर हे कोष्टक दोनदा वाचावे.

प्रतिमेचा काही भाग कररचनेनेच घडवला आहे, ही एक गमतीची बाब. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना सवलत देण्याचे धोरण २००६ पासूनचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. उंच बोनेट, रुंद चाके आणि दणकट छाती असलेल्या, पण पट्टीने मोजून चार मीटरांच्या आत बसवलेल्या ‘एसयूव्ही’ रस्तोरस्ती दिसतात त्या यामुळे. भारदस्तपणा हवा आणि करही वाचवायचा, हा हिशेब कारखानदारांनी ग्राहकाआधीच करून ठेवला आहे.

याहून मोहक सापळा जुन्या गाड्यांच्या बाजारात असतो. सात वर्षे वापरलेली जर्मन बनावटीची आलिशान गाडी नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळते आणि बोनेटवरचे चिन्ह तर तेच असते. तिची किंमत उतरलेली असली, तरी तिचे सुटे भाग, टायर आणि सर्व्हिस यांचे दर उतरलेले नसतात. एखादा सेन्सर किंवा सस्पेन्शन बिघडले की पंचवीस लाखांच्या गाडीचा नव्हे, साठ लाखांच्या गाडीचा खर्च समोर येतो. ती गॅरेजमध्ये पडून असेल त्या आठवड्यात रिक्षाने येणाऱ्या मालकाची प्रतिमा काय होते, हे सांगायला नको.

‘गाडी धंद्यात दाखवू, कर वाचेल’ हा पेढीवरचा आवडता युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण ऐकू येते तेवढे नाही. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा आणि कर्जाचे व्याज खर्चात धरता येते. खासगी वापराचा वाटा मात्र वगळावा लागतो. गाडीवर भरलेला जीएसटी सामान्य व्यापाऱ्याला परत मिळत नाही. महाराष्ट्रात कंपनीच्या नावे नोंदलेल्या गाडीला रस्ताकरही व्यक्तीच्या गाडीपेक्षा जास्त पडतो. पगारदार तरुणाला तर मोटारीच्या सामान्य कर्जावर प्राप्तिकरात काहीच सवलत नाही. कर वाचतो म्हणून मोठी गाडी घेणे म्हणजे तीस रुपये वाचवण्यासाठी शंभर खर्चणे.

जैन घरात आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो बहुधा शोरूममध्ये विचारायचा राहून जातो. महागड्या श्रेणीत आसने चामड्याची असतात. अनेक गाड्यांत आसने कापडाची किंवा लेदरेटची, म्हणजे कृत्रिम आवरणाची असली, तरी स्टिअरिंगचे वेष्टन आणि गिअरची मूठ अस्सल चामड्याची निघते. माहितीपत्रकातील ‘प्रीमियम फिनिश’ या शब्दांतून काहीच उलगडत नाही. कमरेला चामड्याचा पट्टा न बांधणारा मुलगा रोज दोन तास चामड्याला हात लावून बसतो, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. तेव्हा आसन, स्टिअरिंग, गिअर आणि दारावरील पट्टी यांपैकी कशाकशाला खरे चामडे आहे, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बहुतेक कंपन्यांच्या एखाद्या श्रेणीत कृत्रिम आवरण मिळते. ती श्रेणी बऱ्याचदा स्वस्तही असते.

श्रावकाच्या चौदा नियमांत ‘वाहन’ हा एक नियम आहेच. आज किती वाहने वापरीन, याची मर्यादा सकाळी मनाशी धरायची. परिग्रह-परिमाणातही वस्तूंची मर्यादा आधी ठरते आणि खरेदी नंतर होते. घरातील आजी हे सारे पाळत असते. पण गाडीच्या चर्चेत तिला सहसा कोणी बोलावत नाही. तिला बोलवावे, याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार उंच गाडीत चढता येत नाही आणि फार खाली असलेल्या आसनावरून उठता येत नाही. हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेले नसते.

तेव्हा नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्ह मागताना ती महामार्गावर मागू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू असलेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत त्या गाडीला किती तारे मिळाले आहेत, ते घरीच पाहून ठेवावे. ही चाचणी ऐच्छिक असल्याने सर्वच गाड्यांचे निकाल मिळतील असे नाही. मग गाडी आणि आजी दोघींना घेऊन मंदिराच्या अरुंद गल्लीत जावे, ती मागच्या आसनावरून एकटी उतरू शकते का ते पाहावे, आणि परतताना गाडी स्वतःच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये लावून पाहावी. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत एकावर एक गाड्या चढवणारी यांत्रिक पार्किंग आहेत, आणि त्यांच्या कप्प्याला उंचीची व वजनाची मर्यादा असते. ती तिथल्या पाटीवर लिहिलेली असते.