मोती, मोहरा आणि खुर्दा : राष्ट्रीय आपत्तीतील सामान्यांच्या धैर्याच्या स्मरणाचा प्रश्न

१

पानिपतच्या तिसऱ्या लढाईची (१४ जानेवारी १७६१) वार्ता दक्षिणेत पोहोचली ती एका सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत, असे मराठी परंपरा सांगते. त्या संकेतात दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार आणि ज्याची मोजदादच होऊ शकत नाही असा खुर्दा म्हणजे उरलेले सारे. व्यापाऱ्याने ही परिभाषा गुप्ततेसाठी योजिली असेल; परंतु मराठी स्मरणव्यवहाराची रचनाच तीत अनवधानाने उघड झाली आहे. मोत्यांना नावे राहिली, मोहरांची गणती झाली, खुर्दा मात्र केवळ परिमाणवाचक शब्द होऊन राहिला.

भाषेने पुढे आणखी एक अन्याय केला. फौजेबरोबर चालणारे यात्रेकरू, व्यापारी, कारागीर, स्त्रिया व मुले यांच्यासाठी त्या काळी 'बुणगे' हा शब्द होता. आज 'बाजारबुणगे' हा शब्द मराठीत कुचकामी जमावाला उद्देशून हिणवण्यासाठी वापरला जातो. राष्ट्रीय आपत्तीत सर्वांत असहाय असलेल्या माणसांचे नाव ज्या भाषेत अपशब्द झाले, त्या भाषेला सामान्यांचे धैर्य आठवायचे असेल, तर कोणती साधने उपलब्ध आहेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याचे उदाहरण घेतले आहे.

हा प्रश्न हरियाणाच्या भूमीवरून विचारण्यास आणखी एक कारण आहे. पानिपत याच प्रांतात आहे. गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर येथे, दिल्ली–जयपूर महामार्गालगत, राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा तळ आहे. मुंबईच्या मदतीला धावलेले कमांडो येथूनच निघाले होते. मराठी माणसाच्या दोन मोठ्या आपत्तींची टोके अशा रीतीने एकाच प्रदेशात येऊन मिळतात.

२

प्रथम घटनाक्रम ध्यानी घेणे आवश्यक आहे, कारण या लेखातील युक्तिवाद त्यावरच उभा आहे. २६ नोव्हेंबरच्या रात्री साडेनऊच्या सुमारास छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे (२०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दोन हल्लेखोरांनी गोळीबार सुरू केला. तेथून ते कामा रुग्णालयात शिरले. मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत त्यांपैकी एक ठार झाला व दुसरा, अजमल कसाब, जिवंत पकडला गेला. मानेसरच्या दलासाठी विमान चंदीगडहून दिल्लीस आणावे लागले, आणि त्या दलाची प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली ती २७ तारखेच्या सकाळी. ती २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालली. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट यांना तीत वीरमरण आले. संपूर्ण हल्ल्यात १६६ माणसे मृत्यू पावली.

यातून एक साधी, पण साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. स्थानक, रुग्णालय आणि चौपाटी या तिन्ही ठिकाणचे प्रसंग मानेसरचे विमान मुंबईत उतरण्यापूर्वीच घडून गेले होते. प्रशिक्षित शौर्य वाटेत असताना जो अवकाश मोकळा राहिला, तो जागेवर असलेल्या माणसांनी भरून काढला. आपत्तीच्या कथनात या मधल्या अवकाशाला सहसा स्थान मिळत नाही. कथन हल्ल्यापासून थेट प्रतिहल्ल्याकडे उडी घेते. सामान्यांचे धैर्य शोधायचे ते या उडीखाली राहून गेलेल्या तासांत.

३

या तासांतील तीन व्यक्तींची कृत्ये सार्वजनिक नोंदीत आहेत. विष्णू दत्ताराम झेंडे हे मध्य रेल्वेचे उद्घोषक. आपल्या कक्षातून त्यांना उपनगरी गाड्यांचा परिसर दिसत होता. धोक्याचे स्वरूप लक्षात येताच त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला न जाण्याच्या व फलाट क्रमांक एकच्या मागील बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना दिल्या, आणि त्या ते देत राहिले. त्यांच्या कक्षाच्या दिशेनेही गोळीबार झाला. येथे लक्षणीय आहे ती त्यांच्या साधनाची जात. रोज गाडीच्या विलंबाची वर्दी देणारा आवाज, तेच यंत्र, तीच आज्ञार्थी क्रियापदे. बदलला होता तो केवळ आशय. लोकांनी त्या आवाजावर विश्वास ठेवला, कारण तो वर्षानुवर्षे ओळखीचा होता.

अंजली कुलथे या कामा रुग्णालयात परिचारिका होत्या. त्या रात्री त्यांच्या कक्षात वीस गर्भवती स्त्रिया होत्या. हल्लेखोर आवारात शिरल्याचे दिसताच त्यांनी कक्षाचे दरवाजे बंद केले, या स्त्रियांना कडेच्या लहानशा पँट्रीत हलवले आणि कळा सुरू झालेल्या एका स्त्रीला भिंतीच्या आधाराने प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले व न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही त्यांनी दूरदृश्य माध्यमातून आपला अनुभव सांगितला.

सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. सैन्यातील सेवेनंतर ते पोलीस दलात आले होते. गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही ती सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला पकडले. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले.

४

या तिघांचे वर्णन करताना मराठी वृत्तलेखनाने तीन निरनिराळे शब्द योजिले, आणि ते पर्यायी नाहीत. ओंबळे यांच्यासाठी 'शौर्य' व 'हौतात्म्य', कुलथे यांच्यासाठी 'धैर्य', तर झेंडे यांच्यासाठी बहुतकरून 'प्रसंगावधान'. शौर्यात प्रतिपक्ष गृहीत असतो. शूराला समोर कोणीतरी लागतो. धैर्यात प्रतिपक्षाची अट नाही; भय असूनही ढळू नये एवढेच त्यात अभिप्रेत आहे, म्हणून आजारपणातही धैर्य दाखवता येते. प्रसंगावधान याहून वेगळे. प्रसंग आणि अवधान, म्हणजे समोर आलेल्या क्षणाकडे दिलेले संपूर्ण लक्ष. यात 'मी'ला जागाच नाही. लक्ष दुसऱ्याकडे आहे.

या तिसऱ्या शब्दाकडे साहित्यविचाराने पुरेसे पाहिलेले नाही, असे म्हणावे लागेल. 'प्रसंगावधान राखून' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रात नित्य येतो. रुळावर पडलेल्याला ओढणारा पॉइंट्समन, जळत्या घरातून मूल काढणारी शेजारीण, ब्रेक निकामी झालेली एसटी सावरणारा चालक यांच्या बातमीत तो असतोच. परंतु शौर्याला जसा पोवाडा आहे, हौतात्म्याला जसा स्तंभ आहे, तसा प्रसंगावधानाला वाङ्मयप्रकार नाही. चार ओळींची बातमी हाच त्याचा एकमेव आकृतिबंध.

पारंपरिक स्मरणरूपांची तपासणी केली असता हेच दिसते. गावोगावच्या वीरगळांवर सामान्यतः तीन टप्पे कोरलेले असतात: खाली झुंज व मरण, मध्ये अप्सरांसमवेत स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा. गोधन वाचवताना पडलेल्या साध्या गावकऱ्यांचेही वीरगळ आढळतात. म्हणजे सामान्यत्व या शिळेला वर्ज्य नव्हते. मात्र मरण अनिवार्य होते. जो वाचला त्याची शिळा नाही. शिवाय बहुसंख्य वीरगळांवर नाव नाही. रूप ठरावीक झाले, माणूस पुसला गेला. ओंबळे या परंपरेत सहज सामावतात. चौपाटीवरील त्यांचा पुतळा एका अर्थी वीरगळाचाच वारस आहे. झेंडे व कुलथे सामावत नाहीत, कारण ते जिवंत राहिले आणि दुसऱ्या दिवशीही त्यांना आपले नित्याचे काम होतेच.

५

मग मराठीत पर्यायी परंपरा आहे काय? आहे, आणि ती साक्षीची आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत गेलेला हा भिक्षुक १८५७ च्या उठावात सापडला आणि झाशीचा वेढा त्याने शहराच्या आतून पाहिला. त्याच्या कथनात राणी आहे, पण भीती, लूट व आगीत सापडलेली घरेही आहेत. कथन करणारा योद्धा नसून वाटसरू असल्यामुळे त्याची नजर खुर्द्यावर पडते.

विसाव्या शतकातील जागतिक साहित्यात ही साक्षीची परंपरा स्वतंत्र प्रकार म्हणून सिद्ध झाली. जॉन हर्सी यांच्या 'हिरोशिमा'ने (१९४६) सहा व्यक्तींच्या हालचालींचा मागोवा घेतला. कारकून स्त्री, शिवणकाम करणारी विधवा, डॉक्टर, धर्मोपदेशक अशी ती माणसे होती. स्वेतलाना अलेक्सीएविच यांनी चेर्नोबिलवरील ग्रंथात (१९९७) अनेक आवाज शेजारी शेजारी ठेवले व निवेदकाचा आवाज जवळजवळ मिटवला. उर्वशी बुटालिया यांच्या 'द अदर साइड ऑफ सायलेन्स'ने (१९९८) फाळणीच्या इतिहासात मौखिक कथनाला स्थान दिले. या तिन्ही ग्रंथांतील समान सूत्र असे की, त्यांत नायक शोधलेला नाही. कोण कोठे उभे होते आणि त्या क्षणी काय करत होते, या तपशिलालाच तेथे मूल्य आहे.

२६ नोव्हेंबरची अशी संहिता मराठीत एका अनपेक्षित ठिकाणी तयार झाली : न्यायालयात. कसाब खटल्यातील साक्षीदारांत परिचारिका, छायाचित्रकार, पोलीस शिपाई आणि स्थानकावर गोळी लागलेली एक लहान मुलगीही होती. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये त्याला दोषी ठरवून मृत्युदंड सुनावला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याची अंमलबजावणी झाली. येथे तिन्ही कृत्यांचा परस्परसंबंध उलगडतो. ओंबळे यांनी नळी सोडली नाही म्हणून आरोपी जिवंत राहिला. आरोपी जिवंत राहिला म्हणून त्याच्यासमोर साक्षी झाल्या. आणि साक्षी झाल्या म्हणून सामान्यांच्या त्या रात्रीला शपथेवरची, नावानिशी, तपशीलवार नोंद लाभली. शौर्याने साक्षीला जागा करून दिली.

६

या स्मरणातील एका धोक्याचाही निर्देश करणे आवश्यक आहे. आपत्तीनंतर 'मुंबईचे स्पिरिट' या शब्दप्रयोगाने शहराचे कौतुक होते. या कौतुकात दोन दोष आहेत. एक, दुसऱ्या दिवशी कामावर जाणे ही अनेकांची निवड नसून रोजंदारीची सक्ती असते. दुसरे असे की, सामूहिक गौरव व्यक्तींना विरघळवतो. 'सारे मुंबईकर' म्हटले की, उद्घोषकाचा कक्ष, पँट्रीचे दार, लाठी हे सारे दिसेनासे होते. खुर्द्याची स्तुती झाली तरी तो खुर्दाच राहिला. त्याबरोबरच, सामान्यांचे धैर्य जितके मोठे सांगावे तितके व्यवस्थेचे अपयश झाकले जाण्याची शक्यता असते. लाठी हाती असलेल्या माणसाला रायफलीसमोर का उभे राहावे लागले, हा प्रश्न गौरवगीतात विचारला जात नाही. साक्षीत तो आपोआप उभा राहतो. राम प्रधान समितीने हल्ल्याच्या हाताळणीची चौकशी करून त्रुटी दाखवल्या होत्या. स्मरण आणि चौकशी यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही.

मानेसरच्या कमांडोंचे योगदान यामुळे उणे होते असे नव्हे. उन्नीकृष्णन व बिष्ट यांचे शौर्य निर्विवाद आहे. २००९ मध्ये मुंबईसह चार महानगरांत या दलाची केंद्रे उघडली गेली, तीही त्या रात्रीच्या मधल्या तासांची कबुलीच होती. हे अंतर कितीही कमी केले तरी शून्य होणार नाही. कोणत्याही आपत्तीत पहिली काही मिनिटे जागेवरच्या माणसाचीच असतात.

७

सारांश, सामान्यांच्या धैर्याच्या स्मरणासाठी मराठीला तीन गोष्टी करता येतील. पोवाडा व वीरगळ यांचे सामर्थ्य मान्य करूनही, वाचलेल्यांना सामावणारा साक्षीचा वाङ्मयप्रकार जोपासणे ही पहिली. 'प्रसंगावधान' या शब्दाला बातमीच्या चौकटीतून काढून समीक्षेची संज्ञा म्हणून प्रतिष्ठा देणे ही दुसरी. तिसरी गोष्ट म्हणजे माणसाचे कृत्य त्याच्या रोजच्या कामाच्या भाषेत नोंदवणे. उद्घोषकाने सूचना दिल्या, परिचारिकेने रुग्ण हलवले, फौजदाराने नाकाबंदी केली. ही क्रियापदे त्यांच्या कामाच्या नोंदवहीत रोज येतात. त्या रात्री ती तीच होती, म्हणूनच ती असामान्य आहेत.

पानिपतच्या पत्रलेखकाला खुर्द्याची गणती करता आली नाही. त्याच्याजवळ ना सवड होती, ना नावे. आपल्याजवळ दोन्ही आहेत. तरीही गणती राहून गेली, तर तो दोष सांकेतिक भाषेचा म्हणता येणार नाही.